‘अटकतंय’ म्हणजे नेमके काय? नांदेड-लातूरच्या मिक्सिंगचा आढावा

एप्रिल-मेच्या लग्नसराईत नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास मिक्सिंगच्या, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओ संपादनाच्या, एखाद्या दुकानात दुपारी जाऊन बसा. तासाभरात एक वाक्य हमखास कानावर पडते: "सॉफ्टवेअर अटकतंय, विंडोज मारावं लागतं." मग विंडोज मारले जाते, सॉफ्टवेअर नव्याने चढवले जाते, प्लगइन पुन्हा शोधावे लागतात. त्यात दोन दिवस मोडतात आणि तिसऱ्या दिवशी टाइमलाइन पुन्हा त्याच जागी अटकते. पार्टी दारात उभी असते, कारण नवरी चार दिवसांनी सासरी पुण्याला जाणार असते आणि तिला पेनड्राइव्ह सोबत न्यायचा असतो.

या दोन जिल्ह्यांतले मिक्सिंग मी बरीच वर्षे आतून पाहिले आहे. कॅसेटपासून कार्डापर्यंतचा काळ याच टेबलांवर गेला. त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे. ज्या बिघाडाचे खापर सॉफ्टवेअरवर फुटते, तो बहुतेक वेळा कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलमध्ये नाहीतर ती फाइल ठेवलेल्या हार्डडिस्कमध्ये असतो. सॉफ्टवेअर बिचारे तो दोष पडद्यावर दाखवते, एवढेच. म्हणून आधी फाइल, मग डिस्क आणि शेवटी सॉफ्टवेअर या क्रमाने शोध घेतला, तर निम्मे विंडोज मारावेच लागणार नाहीत.

शोध कसा घ्यायचा, ते एकदा जवळून पाहू. टाइमलाइन अटकत असतानाच टास्क मॅनेजर उघडायचा आणि परफॉर्मन्सच्या पानावर नजर ठेवायची. प्ले दाबल्यावर डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना चिकटून राहिला आणि प्रोसेसर निवांत असला, तर दोष डिस्कचा, केबलचा किंवा यूएसबी पोर्टचा. डिस्क शांत पण प्रोसेसर शंभरावर आणि ग्राफिक्स कार्डाच्या खालचा ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख सपाट असेल, तर दोष फुटेजच्या फॉरमॅटचा, ती फाइल उलगडण्याचे काम कार्ड घेत नाही आणि सगळा भार प्रोसेसर एकटा ओढतो. दोन्ही निवांत असूनही पडदा थांबत असेल, तरच सॉफ्टवेअर, प्लगइन किंवा ड्रायव्हरकडे वळायचे. खात्रीसाठी अटकणारी एकच क्लिप आतल्या एसएसडीवर कॉपी करून चालवून पाहावी. पाच मिनिटांचे काम आहे. मी ज्या ज्या मुलाला हे दाखवले, त्याने पुन्हा डोळे झाकून विंडोज मारलेले नाही.

फाइलच्या पोटात

आपल्याकडचा व्हिडिओचा धंदा खांद्यावरच्या व्हीएचएस कॅमेऱ्यांनी उभा केला. १९९५ मध्ये मिनी-डीव्ही आले आणि पुढच्या दहा वर्षांत पॅनासॉनिकचा एमडी-१०००० घेऊन फिरणारे शूटिंगवाले मराठवाड्याच्या प्रत्येक मांडवात दिसू लागले. त्या कॅसेटमधला तासाभराचा व्हिडिओ फायरवायरने उतरवला की साधारण १३ जीबी होई. कॅप्चरला तासाला तासच लागे, पण त्या फाइलचा एक मोठा गुण होता: तिच्यातली प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असे. कुठेही कापा, संगणकाला काही शोधावे लागत नसे. म्हणूनच पेंटियमवरही मिक्सिंग निभावले.

२००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक यांनी एव्हीसीएचडी आणले, २००८ मध्ये कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला, आणि फुटेज एच.२६४ झाले. इथून अटकण्याची कहाणी सुरू होते. आडतीच्या दुकानातल्या वहीचा दाखला घ्या. दर दिवशी प्रत्येक शेतकऱ्याची पूर्ण बाकी लिहायची झाली तर वही जाडजूड होईल, पण कुठलेही पान उघडले की हिशोब समोर दिसेल. त्याऐवजी महिन्यातून एकदा बाकी मांडली आणि मधल्या दिवसांत फक्त जमा-नावे लिहिले, तर वही बारीक होते. पण सतरा तारखेची बाकी हवी असेल तर एक तारखेपासून बेरीज करत यावे लागते. एच.२६४ आणि २०१३ चे एच.२६५ या दुसऱ्या वहीसारखे आहेत. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम आणि मधे फक्त बदलांची नोंद. सरळ बघायला उत्तम, जागाही कमी. मात्र टाइमलाइनवर कर्सर मागे-पुढे केला की संगणकाला दर वेळी मागच्या पूर्ण फ्रेमपासून बेरीज करावी लागते. तीन कॅमेऱ्यांची मल्टिकॅम लावली तर तीन वह्या एकदम.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही जुनेच आहेत. एक, फुटेज आधी मधल्या फॉरमॅटमध्ये बदलून घेणे: एडियसवाल्यांना कॅनोपसचे एचक्यूएक्स माहीत आहे, इतरांना प्रोरेस. जागा कितीतरी पट लागते, पण टाइमलाइन पाण्यासारखी चालते. दुसरा, प्रॉक्सी: हलकी नक्कल करून तिच्यावर काम करायचे आणि रेंडर मूळ फाइलवरून करायचा. एडियस, प्रीमियर आणि दाविंची रिझॉल्व्ह या तिन्ही संपादन सॉफ्टवेअरांत ही सोय आहे. तरी आपल्याकडे प्रॉक्सी करणारे फार कमी, कारण त्यात सुरुवातीला एक रात्र जाते. पुढचे आठ दिवस सुखाचे जातात हा हिशोब कोणी मांडून दाखवत नाही.

गेल्या काही वर्षांत या दुखण्याला नवा फाटा फुटला आहे. २०२० नंतरच्या सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यांत दहा-बिट ४:२:२ रंग मिळू लागले आणि शूटिंगवाल्या मुलांनी मेन्यूतली सर्वांत वरची सेटिंग लावून टाकली. इकडे दुकानदाराने दोन-तीन हजार वाचवायला नावापुढे ‘एफ’ असलेला इंटेलचा प्रोसेसर घातलेला असतो. त्या ‘एफ’चा अर्थ असा की आतले ग्राफिक्स बंद. अकराव्या पिढीपासून एच.२६५ मधले ४:२:२ फुटेज सहज उलगडणारी सोय नेमकी त्या आतल्या ग्राफिक्समध्येच आहे. चाळीस हजारांचे एनव्हिडियाचे कार्ड शेजारी बसलेले असते, पण ५० मालिकेच्या आधीच्या आरटीएक्स कार्डांना ४:२:२ उलगडता येत नाही. ती क्षमता २०२५ च्या त्या मालिकेत आली. म्हणजे महागडी मशीन आणि तरीही अटकणारी टाइमलाइन. नवी मशीन घेणाऱ्याने ‘एफ’ टाळावा, हे मी प्रत्येकाला सांगतो. आणि शूटिंगवाल्यांना माझे सांगणे असे की लग्नात रंगांवर भारी काम करायचे नसेल, तर आठ-बिट ४:२:० वर शूट करा. एलईडीच्या प्रकाशातल्या मांडवात पार्टीच्या टीव्हीवर तो फरक दिसत नाही.

आता फ्रेमरेट. आपली वीज ५० हर्ट्‌झची, आपला टीव्ही पालचा, म्हणून कॅमेरे २५ किंवा ५० वर लावायची रीत. पण नवरदेवाचा मित्र मोबाइलवर ३० ला वरात काढतो, ड्रोनवाला २४ ला किंवा ३० ला उडवतो, आणि सगळे एकाच टाइमलाइनवर येते. ड्रोन बाजूला सरकताना धक्के बसतात ते यामुळेच. शूटिंगच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी फोनवर "पंचवीस" एवढे ठरवून घेतले तरी पुरे. शटर १/५० ठेवले, तर मांडवातल्या बऱ्याचशा दिव्यांची लकलकही थांबते.

मोबाइलचे दुखणे याहून खोल आहे. फोन ठरलेल्या वेगाने फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला की वेग खाली-वर होतो. अशी फाइल टाइमलाइनवर टाकली की आवाज आणि ओठ हळूहळू सुटू लागतात. लग्नात दोन मिनिटांची क्लिप असते, खपून जाते. पण लातूर आणि नांदेड ही दोन्ही क्लासेसची गावे. तिथे दीड तासाचा फिजिक्सचा तास मोबाइलवर किंवा स्क्रीन रेकॉर्डरने घेतला जातो, आणि शेवटच्या वीस मिनिटांत सर फळ्यावर एक लिहितात आणि आवाज दुसरीकडेच असतो. संपादन करणारा मुलगा रात्रभर आवाज सरकवत बसतो. गरज नाही. हँडब्रेक नावाचे फुकट सॉफ्टवेअर आहे; त्यात फ्रेमरेट ‘कॉन्स्टंट’ करून फाइल काढून घ्यावी आणि मगच टाइमलाइनवर न्यावी. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर तास रेकॉर्ड करणाऱ्यांनी फाइल एमकेव्ही ठेवावी. मधे लाईट गेली तरी तोपर्यंतचा तास वाचतो. साधी एमपी४ असेल तर बहुधा सगळाच जातो. नंतर ओबीएसमध्येच एमपी४ करायची सोय आहे, त्याला एक-दोन मिनिटे लागतात.

एव्हीसीएचडीचे हँडीकॅम अजून चालू आहेत, विशेषतः माळेगावच्या यात्रेत आणि गावोगावच्या सप्ताहांत. त्यांच्या कार्डातून फक्त एमटीएस फाइली उचलायची सवय वाईट. लांब रेकॉर्डिंग कॅमेरा तुकड्यांत कापून ठेवतो, आणि तुकडे कसे जोडायचे याची नोंद बाकीच्या फोल्डरांत असते. नुसत्या फाइली आणल्या की कीर्तनाच्या ऐन भरात जोडावर आवाज टचकन तुटतो. ‘प्रायव्हेट’ हे अख्खे फोल्डर जसेच्या तसे कॉपी करावे. सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांनाही हेच लागू.

सॉफ्टवेअरचे खरे दोष

ते नाहीत असे नाही. एडियस हे मूळचे जपानमधल्या कोबे शहरातल्या कॅनोपस कंपनीचे. पुढे ते ग्रास व्हॅलीकडे गेले. भारतातल्या लग्नाच्या धंद्याने ते इतके आपलेसे केले की आजही अनेक टेबलांवर तेच उघडे असते, आणि तयार ‘प्रोजेक्ट’ विकणाऱ्यांचा बाजारच त्याच्या भोवती उभा राहिला. या तयार प्रोजेक्टची अडचण साधी असते: नव्या आवृत्तीत बनवलेले प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही. प्रीमियर आणि रिझॉल्व्हचेही तेच. लग्नसराईच्या मध्यात आवृत्ती बदलू नये, हा नियम ज्यांनी पाळला ते सुखी आहेत.

क्रॅकचा विषय टाळून चालणार नाही. आपल्या बाजारात क्रॅक सर्रास आहे आणि त्याची किंमत पैशापेक्षा मोठी आहे. २०१८-१९ पासून ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाचे खंडणीखोर व्हायरस क्रॅकच्या फाइलींतून पसरले आणि भारतातल्या कितीतरी संगणकांवरच्या फाइलींची नावे एका सकाळी बदलून गेली. ज्यांच्यावर ही वेळ आली असेल त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट: हा व्हायरस वेग राखण्यासाठी प्रत्येक फाइलची सुरुवातीची साधारण १५० केबीच कुलूपबंद करतो. फोटो त्यात जातो, पण वीस जीबीच्या व्हिडिओतला जवळजवळ सगळा मजकूर शाबूत असतो आणि दुरुस्तीच्या साधनांनी तो पुष्कळदा परत मिळतो. म्हणून घाबरून डिस्क फॉरमॅट मारू नका. आणि रिझॉल्व्ह फुकट मिळते, तेही ४के पर्यंतच्या रेंडरसह. मग क्रॅक हवाच कशाला?

एक दोष मात्र खास आपला, मराठीचा. ‘चि. सौ. कां.’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षर फुटून हलंत दिसते आणि पत्रिकेतले नाव पडद्यावर मोडते. प्रीमियरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन’चे निवडले की हे सुटते. हे न कळल्याने कित्येकजण अजून श्रीलिपीत टाइप करून, फोटोशॉपमधून चित्र करून आणतात. एक नाव चुकले की पुन्हा तीच फेरी. मजकूर युनिकोडमध्ये आला तरी ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, ते मराठी डोळ्याला खुपते. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हे टंक मराठी वळणाचे आहेत; ते बसवून घ्यावेत. नवरीच्या आजोबांना आपले आडनाव नीट वाचता येणे हा या कामाचाच भाग आहे.

आणि ‘क्लिप ऑफलाइन’? शंभर लाल पाट्या पाहून लोक हादरतात. फाइल तिथेच असते. काल बाहेरची डिस्क एफ म्हणून लागली होती, आज आधी पेनड्राइव्ह घातल्याने ती जी झाली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर पूर्ववत करावे, आणि प्रत्येक डिस्कला वर्णमालेच्या शेवटाकडचे एक अक्षर कायमचे देऊन त्याची चिठ्ठी डिस्कवर चिकटवावी.

डिस्क, ऊन आणि लाईट

इथे मला जास्त वेळ थांबायचे आहे, कारण फुटेज अटकले तर रात्र जाते. डिस्क गेली तर लग्न जाते.

प्रत्येक एक टीबीची डिस्क सारखी नसते. हातात मावणाऱ्या स्वस्त पोर्टेबल डिस्कांपैकी बऱ्याच आता एसएमआर पद्धतीच्या आहेत. कौलांसारखे एकावर एक थोडे चढवून त्या डेटा लिहितात, त्यामुळे एक ओळ बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. सुरुवातीला सेकंदाला शंभर एमबीच्या वर जाणारी कॉपी दोनशे-तीनशे जीबीनंतर वीस-तीसवर येते ती यामुळे. डिस्क खराब झालेली नसते, तिचा स्वभावच तो आहे. साठवायला चालते, तिच्यावरून मिक्सिंग किंवा तिच्यावर रेंडर करू नये. २०२० मध्ये तर एका मोठ्या कंपनीने हे न सांगता नॅसच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या, डिस्कांत एसएमआर घातल्याचे उघड झाले आणि जगभर ओरड झाली. काम एसएसडीवर, साठवण सीएमआरच्या (ओळी एकमेकींवर न चढवणाऱ्या) मोठ्या डिस्कवर, अशी वाटणी करावी. निळ्या पोर्टऐवजी जुन्या यूएसबी २ मध्ये डिस्क लावली तर सेकंदाला तीस-चाळीस एमबीपेक्षा जास्त मिळत नाही, हेही तपासावे. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट तर पुष्कळदा सैल झालेले असतात.

डिस्क मरण्याआधी बहुधा बोलते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचे साधन दर महिन्याला उघडावे. ‘रीअलोकेटेड’ आणि ‘करंट पेंडिंग’ सेक्टरांचे आकडे शून्याच्या वर सरकू लागले, की त्या दिवशीच डेटा हलवावा. ‘सीआरसी एरर’ वाढत असेल तर मात्र डिस्क चांगली आहे, केबल बदला. दोनशे रुपयांच्या केबलपायी चांगल्या डिस्का कचऱ्यात गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

आपल्या भागाचा शाप असा की लग्नाच्या तिथी, बेचाळीस अंशांचे ऊन आणि लाईटचे जाणे-येणे हे तिन्ही एकाच दोन महिन्यांत येतात. बहुतेक हार्डडिस्कांची चालण्याची कमाल मर्यादा साठ अंश. पत्र्याच्या दुकानात, बंद कॅबिनेटमध्ये, रेंडर चालू असताना डिस्क पन्नाशी सहज ओलांडते. एनव्हीएमई एसएसडी तर तापली की स्वतःच वेग कमी करते आणि माणसाला वाटते सॉफ्टवेअर अटकले. डेझर्ट कूलर सरळ मशीनवर सोडणे हा उपाय नव्हे. ओल आणि क्षार दोन्ही आत जातात. कॅबिनेटचे दोन पंखे, आठवड्याला ब्लोअर आणि डिस्कांमध्ये एक बोट अंतर, एवढे केले तरी फरक पडतो. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. सीझनच्या आधी भरल्या रेंडरवर प्लग काढून एकदा पाहावे. आणि बाहेरच्या मोठ्या डिस्कचा ॲडाप्टरही यूपीएसवरच हवा. मशीन टिकते आणि डिस्क भिंतीच्या बोर्डावर असल्याने तीच पडते, असे बऱ्याचदा होते.

हे मला एका मे महिन्याने शिकवले. लातूर जिल्ह्यातल्या एका गावातले हळदीचे फुटेज मी कार्डावरून डिस्कवर कॉपी न करता कट करून पेस्ट केले. पेस्ट संपता संपता लाईट गेली. लाईट आल्यावर डिस्क ‘रॉ’ दाखवू लागली. कार्ड तोवर दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला गेले आणि त्यावर नवे शूट झाले. पाच तासांतले चार मी डिस्कवरून परत काढले, एक तास गेला. त्या तासात नवरीच्या आजीने जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या होत्या. आजी त्याच पावसाळ्यात गेल्या. घरच्यांनी पैसे मागितले नाहीत. ते लोक दोनदा दुकानात येऊन फक्त विचारून गेले, तो तास कुठे मिळतो का. त्या दिवसापासून कार्डावर मी कट-पेस्ट केलेले नाही.

कॅसेटच्या काळात ही वेळ येत नसे, आणि त्याचे कारण आपण विसरलो आहोत. कॅप्चर बिघडला तरी कॅसेट कपाटात असे. मूळ प्रत धंद्याच्या रीतीमुळेच शिल्लक राहायची. कार्ड आले आणि मूळ प्रत आपणच दर आठवड्याला पुसू लागलो. त्या बदल्यात दुसरी प्रत करायची नवी रीत मात्र आपण घातली नाही.

हिशोब मांडून पाहू. १०० एमबीपीएसचे ४के फुटेज तासाला ४५ जीबी होते. तीन कॅमेरे, दोन दिवस, मिळून अठरा तास धरले तर ८१० जीबी. म्हणजे एका मोठ्या लग्नाला जवळजवळ एक टीबी, आणि दोन प्रतींना दोन. क्लाउडवर टाकू म्हणाल, तर ५० एमबीपीएसच्या अपलोडला सलग छत्तीस तास लागतील. म्हणून क्लाउडवर प्रोजेक्टची फाइल आणि तयार फिल्म एवढेच. कच्चे फुटेज दोन वेगळ्या डिस्कांवर, आणि त्यातली एक घरी. कॉपी टेराकॉपीसारख्या साधनाने तपासणीसह करावी. दुसऱ्या डिस्कचा खर्च पार्टीच्या बिलात उघडपणे लावावा. समजावून सांगितले तर लोक देतात. आणि प्रत केली म्हणजे संपले असेही नाही. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ चुकीच्या एका आज्ञेने पुसली गेली, तेव्हा बॅकअप महिनाभर नीट चाललेच नव्हते हे कळले; बाळंतपणासाठी घरून काम करणाऱ्या एका बाईंच्या संगणकावरच्या प्रतीने चित्रपट वाचला. दुसरी डिस्क महिन्यातून एकदा उघडून दोन-चार क्लिपा चालवून पाहा.

गेलेला डेटा परत मिळवण्याबद्दल थोडक्यात. कार्ड चुकून फॉरमॅट झाले तर ते त्या क्षणी बाजूला काढा. त्यावर एक सेकंदही शूट करू नका. फोटोरेक हे फुकट साधन पुष्कळ परत देते. विंडोजने ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारले तर फुटेज उतरल्याशिवाय होकार देऊ नका. बॅटरी संपल्याने फाइल अर्धवट राहिली असेल, तर त्याच कॅमेऱ्याची त्याच सेटिंगची एक चांगली क्लिप सोबत देऊन अनट्रंकसारख्या साधनाने ती जोडता येते. पण डिस्क टकटक वाजत असेल तर ती चालूच करू नका. फ्रिजमध्ये ठेवणे, खालची हिरवी प्लेट दुसऱ्या डिस्कची लावणे हे उद्योग नकोत. प्रत्येक डिस्कच्या प्लेटवर तिच्यापुरती माहिती असते, नुसती प्लेट बदलून आजच्या डिस्का उठत नाहीत. अशी डिस्क हैदराबाद किंवा पुण्याच्या रिकव्हरीवाल्याकडे न उघडता न्यावी. कार्ड नवे घेताना एच२टेस्टडब्ल्यूने पूर्ण भरून तपासावे, कारण बाजारात २५६ जीबीचे लेबल लावलेली ३२ जीबीची कार्डे फिरतात.

पार्टीला द्यायच्या पेनड्राइव्हचे दुखणे दोन वाक्यांत सांगता येते. एफएटी३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि गावातल्या जुन्या टीव्हीला एच.२६५ कळत नाही. तीन तासांची फिल्म एच.२६४ मध्ये, १०८० वर, १२ एमबीपीएसने काढली तर साधारण १६ जीबी होते; ती तासातासाचे नव्हे, तर चार जीबीच्या आत बसतील असे विधींप्रमाणे भाग करून द्यावी. देवकापासून पाठवणीपर्यंत भाग केले की लोकांनाही हवे ते पटकन सापडते.

हे सगळे लग्नापुरते नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्याच दिवशी गणपती बुडाले होते. त्या भागातली त्याआधीची लग्ने, जत्रा, मिरवणुका यांच्या व्हीएचएस कॅसेटी जिथे कुठे उरल्या असतील, त्यांत आता नसलेली गावे आणि माणसे आहेत. ऑक्टोबर २००८ मध्ये नांदेडला गुरुता गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, तेव्हा शहरातल्या कितीतरी कॅमेऱ्यांनी तो मिनी-डीव्हीवर टिपला. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. ती मोबाइलवर आणि कार्डांवर आहे, म्हणजे एखाद्या ड्रॉवरमधल्या डिस्कवर किंवा कुठेच नाही. एसएसडी आणि पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे न लावता ठेवले तर त्यांतला डेटा विरत जातो. कॅसेटीला बुरशी लागते. आणि व्हीसीआर बनवणाऱ्या जगातल्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. चालू स्थितीतला व्हीसीआर आता दरवर्षी दुर्मिळ होत जाणार.

ज्यांच्याकडे अशा कॅसेटी असतील त्यांनी त्या येत्या पावसाळ्याआधी उतरवून घ्याव्यात. बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट आधी साफ केल्याशिवाय लावू नये, नाहीतर हेड बसतो आणि पुढच्या कॅसेटीलाही ती लागते. आणि जे शूटिंग-मिक्सिंग करतात त्यांना माझी एवढीच विनंती: कार्डाला फॉरमॅट मारण्याआधी ते फुटेज दोन डिस्कांवर आहे आणि दोन्हींवरून चालते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.